स्वतः शिकलेले कृष्णाजी आरा नक्की कोणाकडून शिकले?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचे इअरफोन आज घरी राहिलेत, त्यांच्यासाठी हे या एपिसोडचं लिखित रूप. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे कसं' एवढे काढलेत, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.

आज एका शब्दापासून सुरुवात करू. सेल्फ-टॉट. मराठीत स्वयंशिक्षित. आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या प्रोफाइलवर हा शब्द छाती पुढे काढून उभा असतो. इन्स्टाग्रामवर जलरंगांची रीळं टाकणाऱ्यांच्या बायोमध्येही तो दिसतो, आणि तिथेही त्याचा अर्थ कौतुकाचाच असतो: बघा, क्लास नाही, कॉलेज नाही, तरी जमलं. पण मुंबईत १९४० च्या दशकात हाच शब्द एका चित्रकाराला चिकटला आणि शेवटपर्यंत सुटला नाही. तो लावणारे लोक काही वेळा कौतुकाने लावत होते आणि काही वेळा 'याला ड्रॉइंग येत नाही' हे सभ्यपणे सांगण्यासाठी. त्या चित्रकाराचं नाव कृष्णाजी हौलाजी आरा. के. एच. आरा.

हुसेन माहीत असतात. रझा माहीत असतात, निदान तो बिंदू तरी. आरा मात्र प्रोग्रेसिव्ह ग्रुपच्या यादीत तिसरं-चौथं नाव म्हणून येतात आणि आपण पुढे जातो. आज थांबू.

आरांचा जन्म १९१४ चा, हैदराबादजवळच्या बोलारमचा. वडील ड्रायव्हर. आई गेली तेव्हा मुलगा तीन वर्षांचा होता. वडिलांनी दुसरं लग्न केलं, आणि सात वर्षांचा कृष्णा घरातून पळून मुंबईला आला. सात वर्षं म्हणजे दुसरी इयत्ता. आपल्याकडे या वयाच्या मुलाला सोसायटीच्या गेटबाहेर एकटं सोडत नाहीत. मुंबईत तो गाड्या पुसायला लागला. दहा वर्षांचा असताना वडीलही गेले, म्हणजे परत जायचा रस्ताच संपला. मग एका इंग्रज माणसाकडे घरगडी म्हणून राहिला आणि तिथे रिकाम्या वेळात चित्रं काढत राहिला.

मध्ये १९३० आलं. मिठाचा सत्याग्रह. आरांनी त्यात भाग घेतला आणि पाच महिन्यांची शिक्षा झाली. वय सोळाच्या आसपास. हे मुद्दाम सांगतोय, कारण आरांबद्दल लिहिताना 'भोळा', 'उपजत', 'उत्स्फूर्त' असे शब्द फार सढळ हाताने वापरले जातात, जणू हा माणूस आपोआप उगवला. साहेबाच्या घरी नोकरी करणारा मुलगा साहेबाच्याच सरकारविरुद्ध तुरुंगात जातो, तेव्हा त्याला आपल्या जागेचं भान नक्की असतं. इथून पुढे मी त्यांना 'अहो-जाहो' करणार आहे.

आता त्या वेळच्या मुंबईतलं चित्रकलेचं जग कसं होतं ते थोडक्यात बघू. जे. जे. स्कूल १८५७ पासून चालू. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ ची. वार्षिक प्रदर्शन, पदकं, परीक्षक. आणि जलरंगात तर या शहराचा हात कसलेला होता. सावळाराम हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' तुम्ही नक्की पाहिलंय, नाव माहीत नसलं तरी: हातात समई घेतलेली बाई, ज्योतीभोवती आडवा धरलेला तळवा, बोटांमधून झिरपणारा तांबूस उजेड. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात आणि तैलचित्र समजतात. दोन्ही चूक. ते हळदणकरांचं आहे, १९४५-४६ चं, आणि चक्क जलरंगातलं आहे.

यातलं अवघड काय हे ज्यांनी कधी ब्रश धरला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग नसतोच. पांढरा म्हणजे कागद. चित्रात जिथे उजेड हवा ती जागा सुरुवातीपासून कोरी राखावी लागते. फिक्याकडून गडदाकडे जायचं, उलट येता येत नाही. डिंकात कालवलेली रंगाची पूड पाण्याबरोबर कागदाच्या धाग्यांत शिरते, आणि एकदा शिरली की ओल्या ब्रशने थोडी उचलता येते, पूर्ण नाही. म्हणजे कंट्रोल-झेड नाही, थेट प्रॉडक्शनवर डिप्लॉय, तेही शुक्रवारी संध्याकाळी. हे जमायला हात बसावा लागतो, हात बसायला कागद लागतो, आणि कागदाला पैसे लागतात. आजही ३०० जीएसएमचा कॉटन पेपर विकत घेताना माझा हात थबकतो, आणि मला दर महिन्याला पगार येतो.

आरांनी काय केलं? त्यांनी या नियमाला वळसा घातला. जलरंग आणि गुआश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, हे त्यांचं सुरुवातीचं माध्यम. गुआशमध्ये रंग झाकतो. गडदावर फिकं चढवता येतं. बिघडलेली जागा वाळू द्यायची आणि वरून पुन्हा रंगवायची. आरांनी हा रंग इतका जाड लावला की त्यांची कागदावरची कामं तैलचित्रांसारखी दिसतात. पुढे ते तैलरंगाकडे गेले तेव्हा गंमत उलटी झाली. तो रंग त्यांनी काही चित्रांत इतका पातळ केला की ती जलरंगातली वाटतात. शाळेत शिकलेल्या माणसाला माध्यमाच्या हद्दी आधी सांगितल्या जातात. आरांना त्या हद्दी चित्रं काढता काढता सापडल्या आणि त्यांनी त्या फारशा मनावर घेतल्या नाहीत.

हळदणकरांचं जलरंगही तेलासारखं दिसतं आणि आरांचंही. पण हळदणकर ते शिस्तीने, थरावर पारदर्शक थर देत साधतात, आणि आरा थेट रंगाच्या जाडीने. दोघांना एकाच फुटपट्टीने मोजणाऱ्या परीक्षकाला आरा कच्चे वाटणार हे उघड आहे. मला स्वतःला आरांची फुलं जास्त आवडतात. हळदणकरांच्या समईसमोर मी थक्क होतो, पण त्या चित्रात मला शिरता येत नाही. हे माझं मत, शिव्या कमेंटमध्ये घालू शकता.

आता मूळ प्रश्न. हे 'स्वतः' शिकणं नक्की झालं कसं?

द टाइम्स ऑफ इंडियात कलासमीक्षा लिहिणारे एक गृहस्थ होते, रुडी फॉन लायडन. जर्मन. शिक्षणाने भूगर्भशास्त्रज्ञ, डॉक्टरेटवाले. नाझी सत्तेवर आले त्या वर्षी, म्हणजे १९३३ ला, ते मुंबईत आले. त्यांच्या नजरेला आरांची चित्रं पडली. त्यांनी पाठ थोपटली आणि 'चित्रकलेकडेच लक्ष दे' असा आग्रह धरला. आणि मग आरा एक वर्ष केतकर आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन बसले. कशाची तयारी करायला? एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटची.

हो, त्याच परीक्षा. महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या कोणालाही या दोन शब्दांनी मधल्या सुट्टीतला पाण्याचा डबा, कॅमलची रंगपेटी आणि टेबलावर ठेवलेला तो तांब्या, खाली सुरकुत्या पाडलेलं फडकं, बाजूला एक वांगं हे सगळं आठवेल. आपण त्या परीक्षा दिल्या सातवी-आठवीत. आरांनी त्याच परीक्षांची तयारी मोठ्या वयात, पोटासाठी राबून झाल्यावर केली.

या एका वर्षाची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि आरांच्या परिचयात ती एका ओळीत उरकली जाते. कारण ती 'स्वयंशिक्षित' या शब्दात बसत नाही. एक वर्ष क्लासला गेलेला माणूस स्वयंशिक्षित कसा? पण जरा बघा, या शब्दाचा व्यवहारातला अर्थ 'कोणाकडूनही न शिकलेला' असा नव्हताच. त्याचा अर्थ होता 'जे. जे. मध्ये न शिकलेला'. केतकरांच्या क्लासमधलं वर्ष मोजलं गेलं नाही, कारण ते मोजण्यासारख्या ठिकाणी घालवलेलं नव्हतं. आमच्या इंडस्ट्रीत हे रोज दिसतं. तालुक्याच्या गावातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये सी प्लस प्लस शिकलेला मुलगा मुलाखतीत 'सेल्फ-टॉट' ठरतो. त्याला शिकवणाऱ्या सरांचं नाव कोणी विचारत नाही.

पुढे दुसरा माणूस भेटला, वॉल्टर लँगहॅमर. ऑस्ट्रियन चित्रकार, बायको ज्यू. हिटलरने ऑस्ट्रिया गिळला त्या वर्षी, १९३८ ला, दोघं मुंबईत आले आणि लँगहॅमर टाइम्सचे आर्ट डायरेक्टर झाले. त्यांच्या घरी रविवारी तरुण चित्रकार जमायचे. रझा तिथे यायचे, आरा यायचे. तिथे युरोपातल्या चित्रांबद्दल बोलणं व्हायचं, एकमेकांचं काम समोर ठेवून चर्चा व्हायची. तेव्हाच्या मुंबईत सेझान मूळ स्वरूपात बघायला कुठे मिळणार? छापील चित्रांवर भागवायचं. आरांच्या स्थिरचित्रांत सेझान दिसतो असं जाणकार सांगतात, आणि खरंच दिसतो: टेबल किंचित तुमच्याकडे कललेलं, भांड्यांना वजन, रंगाचे ठोकळे एकमेकांना टेकलेले.

म्हणजे स्वतःच्या देशातून हाकलल्यागत आलेल्या दोन माणसांना मुंबईतला एक घरगडी चित्रकार म्हणून दिसला. शहरातल्या मान्यवरांना तो का दिसला नसावा? बाहेरून आलेल्या माणसाला इथली उतरंड पाठ नसते, हे एक कारण असू शकेल. याला पुरावा नाही, माझा अंदाज आहे.

आणखी एक अंदाज करतो. आरांनी इतकी स्थिरचित्रं का काढली? फुलदाण्या, सुरया, जग, फळं, पुन्हा फुलदाण्या. साधं उत्तर असं की मॉडेलला पैसे द्यावे लागतात आणि निसर्गचित्राला सुट्टी लागते, पण जग टेबलावर फुकट बसून असतो. हे खरं असेलच. पण मला त्यापुढे एक गोष्ट दिसते. साहेबाच्या घरात फुलदाणी कोण पुसतं? पाणी कोण बदलतं? सुकलेली फुलं कोण काढतं? घरगड्याला या वस्तूंची जेवढी ओळख असते तेवढी त्यांच्या मालकालाही नसते. जगाचं पोट कुठे फुगतं, कान कुठे जोडलाय, भरल्यावर तो किती जड होतो हे त्याच्या हाताला माहीत असतं. आरांच्या चित्रातले जग मला नेहमी भरलेले वाटतात. त्यांच्याकडे ड्रॉइंगची अकादमिक तयारी कमी होती, ठीक आहे, पण वस्तू हाताळण्याची तयारी कुठल्याही विद्यार्थ्यापेक्षा जास्त होती, आणि ती कुठल्याच प्रगतिपुस्तकात नव्हती.

१९४२ मध्ये आरांचं पहिलं एकल प्रदर्शन मुंबईत झालं आणि चाललं. १९४४ मध्ये 'मराठा बॅटल' या चित्राला गव्हर्नरचं पारितोषिक मिळालं. बोलारमचा पळून आलेला मुलगा मराठ्यांची लढाई रंगवतो आणि ज्यांच्या राज्यात चौदा वर्षांपूर्वी तुरुंगात गेला त्यांच्याच लाटसाहेबाच्या नावाचं बक्षीस घेतो. मुंबईतच घडू शकतं असं.

मग १९४७. स्वातंत्र्याच्या मिरवणुकीचं एक भलंमोठं चित्र आरांनी काढलं आणि बॉम्बे आर्ट सोसायटीने ते प्रदर्शनाला घेतलं नाही, असं सांगतात. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या जन्माच्या गोष्टीत ही घटना ठिणगी म्हणून येते. ग्रुप कसा होता बघा. सूझा, ज्यांना जे. जे. मधून १९४५ ला काढून टाकलेलं. हुसेन, जे सिनेमाची होर्डिंगं रंगवत आले. रझा, नागपूर आणि जे. जे. ला शिकलेले, तेव्हा मुख्यतः जलरंगातच काम करणारे, मुंबईचे रस्ते आणि पाऊस कागदावर उतरवणारे. बाकरे, शिल्पकार. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे गाडे, विज्ञानाचे पदवीधर. आणि आरा. सहा माणसं. त्यांतले किती जण ठरलेल्या वाटेने आलेले? १९४९ मध्ये रॅम्पार्ट रोवर बॉम्बे आर्ट सोसायटीच्याच सलॉनमध्ये ग्रुपचं प्रदर्शन भरलं, उद्घाटन मुल्कराज आनंदांनी केलं. ज्या संस्थेवर राग तिच्याच जागेत. आणि १९५२ मध्ये त्याच सोसायटीने आरांना सुवर्णपदक दिलं. कशाला? 'टू जग्स' नावाच्या चित्राला. दोन जग!

ग्रुप टिकला नाही. सूझा १९४९ ला लंडनला गेले, रझा १९५० ला पॅरिसला, बाकरे १९५१ ला लंडनला. आरा मुंबईतच राहिले. फुलं आणि जग चालूच होते, शिवाय स्त्रीदेहाची चित्रं, १९६३ मधल्या गाजलेल्या काळ्या न्यूड्ससह. लोकांची भुवई वर गेलीच. नग्न देह काढणं हे जे. जे. मधल्या लाइफ क्लासचं काम होतं, अभ्यास म्हणून. आरांनी ते अभ्यासाच्या नावाखाली केलं नाही, विषय म्हणून केलं, आणि वर्षानुवर्षं केलं. त्यांतली सगळी सारखी चांगली नाहीत. काहींत हात-पाय घाईत उरकलेले दिसतात, फुलांच्या चित्रांतला ठामपणा तिथे नाही. स्वयंशिक्षित म्हणून सवलत द्यायची गरज नाही, आरांना तर मुळीच नाही.

इथे आपल्याबद्दल थोडं, कारण हा पॉडकास्ट ऐकणारे बरेच जण माझ्यासारखे आहेत. पंचवीस ते तीस, लॅपटॉपवरची नोकरी, आणि शनिवारी सकाळी यूट्यूब लावून वॉश मारायचा प्रयत्न. आपणही स्वतःला सेल्फ-टॉट म्हणवतो. हरकत नाही. पण आपल्या फोनवर जगातले उत्तम जलरंगकार फुकटात ब्रश कसा धरायचा ते दाखवतात, व्हिडिओ थांबवून पुन्हा बघता येतो, आणि चित्र फसलं तर सोमवारी ऑफिस आहेच. आरांचं चित्र फसलं असतं तर त्यांच्यासाठी पुन्हा गाड्या पुसणं होतं. दोन्ही गोष्टींना एकच शब्द लावताना मला थोडं अवघडल्यासारखं होतं. रझा-हुसेन कोट्यवधींना विकले गेल्याच्या बातम्या शेअर करताना हेही लक्षात असू द्या की एकाच टेबलाभोवती बसलेल्या या लोकांची सुरुवात एकाच पायरीवरून झाली नव्हती.

आरांना स्वतःला ते पक्कं आठवत होतं असं दिसतं. काळा घोड्याला अडोर हाऊसमध्ये आर्टिस्ट्स सेंटर आहे. ते उभं करण्यात आणि पुढे वर्षानुवर्षं चालवण्यात आरा पुढे होते. नावारूपाला न आलेल्या चित्रकाराला चित्रं टांगायला चार भिंती मिळाव्यात, एवढा साधा हेतू. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ ला समोरच झाली, पण तिथली तारीख मिळणं म्हणजे काय हे चित्रकारांना विचारा. आरा बॉम्बे आर्ट सोसायटीचे विश्वस्तही झाले आणि ललित कला अकादमीचे फेलोही. म्हणजे निवडणाऱ्यांच्या बाकावर जाऊन बसले. तरी वेळ त्यांनी या सेंटरला दिला, आणि सेंटर चालवणं म्हणजे भाडं, खिळे, दिवे, आमंत्रणपत्रिका आणि रुसवेफुगवे. चित्रं काढायचा वेळ खाणारं काम. परदेशी गेलेल्या मित्रांना ते करावं लागलं नाही, आणि त्यांच्या नावापुढे आरांचं नाव मागे पडण्यात याचाही वाटा असावा असं मला वाटतं.

३० जून १९८५ ला आरा मुंबईतच गेले. एकाहत्तर वर्षांचे होते.

कधी काळा घोड्याला गेलात तर जहांगीरच्या बाहेर फोटो काढून झाल्यावर रस्ता ओलांडा. आर्टिस्ट्स सेंटरमध्ये त्या आठवड्यात कोणाचं तरी प्रदर्शन बहुधा असतंच. तिकीट नाही. आणि आरांचं एखादं स्थिरचित्र समोर आलं, संग्रहालयात किंवा फोनवर, तर झूम करून जगाची कड बघा. रेघेने काढलेली नसते बऱ्याचदा. मागचा रंग येऊन थांबतो आणि तिथे जग सुरू होतो.

पुढच्या एपिसोडमध्ये हरी अंबादास गाडे. विज्ञानाचा पदवीधर घरांचे त्रिकोण-चौकोन कसे रंगवतो ते बघू. तोपर्यंत आठवीतली रंगपेटी माळ्यावर असेल तर खाली काढा. वाळलेल्या वड्या पाणी मारलं की पुन्हा चालतात.